भोपाळ सोडून अकरा मिनिटं

रशीदसर कॉकपिटमध्ये बसले की आधी पेन्सिलीला टोक करतात. समोर सहा पडदे उजळलेले असतात, मागं प्रवासी चढत असतात, आणि आमचे कप्तान कागदी पिशवीत पेन्सिलीचा भुसा पाडत बसतात. मग मांडीवर कागदी नकाशा पसरतात, निघालो तिथून पोचायचं तिथपर्यंत रेघ मारतात आणि चावीचं घड्याळ कानाला लावून बघतात.

मी त्यांचा सहवैमानिक. म्हणजे उजव्या खुर्चीत बसून हा संसार तीन वर्षं बघणारा माणूस. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी वैजापूरचा, म्हणून मी ‘वैजापूर’. सर संभाजीनगरच्या शहागंजचे. बत्तीस वर्षं ढगांवर काढली, पण जिभेवरचं शहागंज काही सुटलं नाही.

“वैजापूर, भोपाळ किती वाजता गेलं?”

मी पडद्याकडं बघायला लागलो की हात आडवा येतो. “त्याला नको इचारू. खिडकीला इचार, घड्याळाला इचार.”

दर दहा मिनिटांनी वेळ लिहायची, रेघेवर खूण करायची. पहाटे तीनला उठून तिसऱ्या उड्डाणावर निघालेल्या माणसाला हा निव्वळ छळ वाटतो. एकदा मी वैतागून म्हणालो, “सर, दिशा दाखवायला दोन-दोन कॉम्प्युटर आहेत.”

“दो भाई हैं, बेटा. एक रुसला की दुसराबी रुसतो.”

मी खूण केली.

त्या दिवशी आम्ही दिल्लीहून संभाजीनगरला निघालो होतो. ही फेरी सरांनी हातापाया पडून मागून घेतली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आपांचं, संध्याकाळी पाच वाजता हृदयाचं ऑपरेशन होतं. आईबाप गेल्यावर आपांनीच त्यांना वाढवलं, कपडे शिवून शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. आता त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, भावाचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जायची नाही. आम्ही अडीचला उतरणार होतो. वेळ भरपूर होता.

भोपाळ मागं पडलं, आणि माझ्यासमोरचा नकाशाचा पडदा कोरा झाला. सरांचाही झाला. दोन्ही भाऊ एकदमच रुसले.

मी काय केलं? जे करायचं नाही तेच. मान खाली घालून बटणं दाबत सुटलो. बंद कर, चालू कर, पुन्हा बंद कर. थकलेल्या माणसाला एवढंच सुचतं.

“वैजापूर, मान वर!” सर ओरडले नाहीत, पण मला कानफटात बसल्यासारखं झालं. “तू इमान संभाळ. डबा मी बघतो. दोन डोकी एका डब्यात घातली तर उडवणार कोण, तुझा आजा?”

मी होकायंत्र बघून विमान सरळ धरलं. सरांनी बिघाडाचं पुस्तक काढून एकेक उपाय केला, डबा काही जागा झाला नाही. मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “भोपाळ सोडून अकरा मिनटं. बऱ्हाणपूर यायचंय अजून. आपण हितं हाये.”

आम्ही कुठं आहोत हे त्या क्षणी ठामपणे सांगणारी विमानात एकच वस्तू होती, आणि तिच्यासाठी मी तीन वर्षं कुरकुरलो होतो. मला लाज वाटली.

घर अर्ध्या तासाच्या आत होतं. पण तिथं ढग खाली उतरले होते आणि भोवती डोंगर. मुंबईला मोकळं आकाश होतं, शिवाय रडारवर बघून बोट धरून खाली नेणारी माणसं होती. मी सरांकडं बघितलं. घड्याळात दोन वाजत आले होते.

“सर, आपा...”

“मागं दीडशे लोकं बसलीत. मुंबईला इचार, घेता का म्हणून.”

त्यांनी घेतलं. सांगतील तसं वळत, सांगतील तसं उतरत आम्ही टेकलो. दारात एका म्हाताऱ्या चाचांनी सरांना सुनावलं, “हमको शहागंज जाना था, तुमने किधर लाके डाला?”

“मेरेकू भी वहींच जाना था, चाचा,” सर म्हणाले, आणि त्यांची पिशवी उचलून जिन्याच्या खालपर्यंत सोडून आले.

मग आत येऊन त्यांनी फोन लावला. आपांचा आवाज खणखणीत, शेजारी मलाही ऐकू येत होता.

“रशीद, कुठं हायस?”

“मुंबईला. मशीन बिघडलं. पाचला नाय पोचत मी.”

“लोकं उतरली का नीट?”

“व्हय.”

“मग बस झालं. मी डाक्टरला सांगते, उद्या कर म्हणून.”

“नाय आपा. थांबू नको. आजच जा. मी गाडीनं निघतो. डोळे उघडशील तवा समोरच असंन.”

मग आपांनी हळूच विचारलं, “घाबरलास का रे?”

सरांनी माझ्याकडं पाठ केली. अख्ख्या उड्डाणात या माणसाचा आवाज एकदाही हलला नव्हता, तो आता लहान मुलासारखा फुटला.

“व्हय आपा. लई.”

“मीबी,” आपा म्हणाल्या.