घड्याळजीकाकांची एका मिनिटाची मोहीम

आधी देवास नमन, मग वाचकांस. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी आज्ञा केली की, चर्चच्या मागील खोलीतील पोरांत शांतता कैसी प्रस्थापित जाहली ती हकीकत साद्यंत लिहावी. सबब पदरचे तिखटमीठ न लाविता लिहितो.

पाळकसाहेबांची रविवारची शाळा म्हणजे अकरा पोरांचा बंडखोर मुलूख. दोन शिक्षिका तेथे शिकस्त खाऊन माघारी गेल्या, मग राजमान्य घड्याळजीकाका नामजाद जाहले, की ज्याचा हात केसाएवढ्या स्क्रूवर कापत नाही, त्यास पोरे ती काय! आणि पाळकसाहेबांचे फर्मान सुटले की, महिनाअखेरीस मोठ्या उपासनेत पोरांनी एक मिनिट मूक प्रार्थना करावी; न जमल्यास शाळा बरखास्त. काकांस मूलबाळ नव्हते, आणि पहिल्याच दिवशी सर्वांत धाकटीने त्यांचे बोट धरून सोडिले नव्हते. शाळा मोडणे त्यांचे जिवावर आले.

मग काका स्टॉपवॉच घेऊन खडे राहिले आणि हुकूम केला की डोळे मिटा. नवव्या सेकंदास एकाने दुसऱ्यास चिमटा काढिला, तिसऱ्यास उचकी लागली, आणि उचकीवर अवघी फौज खिदळली. काकांनी दटाविले, मग गोळ्यांची लालूच दाविली, मग जागा बदलिल्या. आणि तिसऱ्या रविवारी टेबलावर हात आपटिला, तो धाकटी रडू लागली आणि काकांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. त्या दिवशी मजल एकवीस सेकंदांची. घरी जाऊन काकूंपाशी कबूल केले की, हे आपले काम नव्हे.

चौथ्या रविवारी, खाशा लढाईचे आधी, जिला सारे वकीलीणबाई म्हणत त्या नऊ वर्षांच्या पोरीने अर्ज गुदरला, "काका, तुम्ही तर डोळे उघडेच ठेवता. मग देवाशी बोलता कधी?"

काका मनाशी म्हणाले, खरेच की! तीन आठवडे नुसता पहारा केला, प्रार्थना एका सेकंदाचीही नाही.

मग मोठ्या उपासनेत पाळकसाहेबांनी प्रार्थना पुकारिली आणि काकांनी स्टॉपवॉच खिशात घातले, आणि मनात म्हणाले, "देवा, पोरं तुझी. काय व्हायचं ते होऊ दे," आणि डोळे गच्च मिटिले. बाक करकरला, कोणाची चप्पल पडली, काकांच्या पापण्या फडफडल्या; परंतु उघडिल्या नाहीत. मग कसलाच आवाज येईना, आणि काका खरेच बोलू लागले, एकेका पोराचे नाव घेऊन, ते आमेन जाहले तरी कळले नाही.

धाकटीने बाही ओढिली, "काका, झालं! उघडा आता!"

पाहतात तो अकरा तोंडे त्यांजकडे टक लावून. वकीलीणबाईंनी जाहीर केले, "आम्ही सगळे तुमच्यावर लक्ष ठेवून होतो. तुम्ही उघडलेच नाहीत हो!"

काका हसता हसता रडले. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले, त्यांनी केवळ शांतता ऐकिली आणि शाळा कायम केली. येणेप्रमाणे काकांचे मिटलेले डोळे दोन, पोरांचे उघडे बावीस, आवाज शून्य, मिनिट पुरे साठ सेकंदांचे. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.