आप्पांच्या कॅमेऱ्याची आंघोळ

आमच्या राहू गावात रोज न चुकता आंघोळ करणारा एकच कॅमेरा आहे, शेजारच्या आप्पांचा. रीळवाला, जुना, पाण्याखाली फोटो काढणारा. आप्पा कारेगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तो त्यांना भेट दिला.

झाकणाची रबरी रिंग काढायची, ग्रीस चोळायचं, परत बसवायची, कॅमेरा बादलीत सोडायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहत उकिडवं बसायचं. त्यांची बायको, आमच्या काकू, तेव्हा शेजारीच वेणी घालतात. "रिंग बसली का?" हे आप्पांचं पालुपद. माझ्या मुलीचं लग्न जमलं तेव्हाही पेढा खात म्हणाले, "समदं झ्याक, मास्तर. पन रिंग बसली का?"

यंदा काकूंचे गुडघे गेले आणि त्यांना विहिरीच्या पायऱ्या बंद झाल्या. विहीर बांधली तेव्हा नव्या नवरी असलेल्या काकूंनी ओल्या सिमेंटवर हात उमटवला होता. तो पाण्याखाली गेला, पण दर उन्हाळ्यात बुडी मारून काकू त्याला शिवून यायच्या. "अजून हाय का न्हाई, कुनाला ठावं," एवढंच त्या म्हणाल्या. आप्पा भर दुपारी कॅमेऱ्यासकट विहिरीत उतरले.

वर आले तेव्हा काचेआड पाणी हलत होतं. जो तो म्हणाला, रीळ उन्हात वाळवा. "वाळलं की चिकाटलं. वल्लंच ऱ्हाऊ द्या," म्हणत आप्पांनी ते गुंडाळून पाण्याच्या डबीत बंद केलं आणि आम्ही पुण्याची एसटी धरली. वाटेत त्यांनी रिंगचं नावही काढलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो.

स्टुडिओवाल्यानं ते ओलंच धुवायला घेतलं. चार फोटो वाया गेले. पाचव्यात पाच बोटं होती. आप्पा बाकड्यावर बसून रडले. माझाही जीव भांड्यात पडला.

घरी काकूंनी फोटोवर तळवा ठेवला. "केवढासा व्हता वो माजा हात." मग विचारलं, "पानी कसं शिरलं?"

"म्याच रिंग नीट बसवली न्हाई," आप्पा म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बादलीपाशी विचारलं, तर त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत एक लांब पांढरा केस होता.

"रिंगखाली घावला. तिला बोलू नका," ते हळूच म्हणाले. "लांब बस म्हनलं, तर खरंच बसंल ती."