जनरेटरवाल्याचा इंटरनेट फोन

रूपरावांचा मोबाईल सदा एंगेज लागतो, एवढ्या एका कारणावरून महादेवराव त्यांच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते. सेलूच्या बाहेर महादेवरावांचं लग्नाचं लॉन होतं आणि रूपरावांचा धंदा जनरेटर भाड्याने द्यायचा. लॉनवरची लाईन गेली की महादेवराव फोन लावत आणि नेमका तेव्हाच सगळा गाव लावत असे. "आता एक डाव जरी फोन नाई लागला," महादेवरावांनी चारचौघांत बजावलं, "तं लग्नसराईचं सारं काम डोमाजीले." डोमाजीकडेही जनरेटर होते. अक्कल मात्र नव्हती, असं रूपरावांचं ठाम मत होतं.

म्हणून इंटरनेट फोन विकणाऱ्या मुकेशला बोलावणं गेलं.

"एका वेळी कितीबी जनं लावू द्या भाऊ, एंगेज म्हनून लागनारच नाई," मुकेश म्हणाला. "कनेक्शन दोन हायेत. एक साधं अन् एक बॅकअपवालं. थोडं महाग पडते, पन धंद्याले मी म्हनतो..."

रूपराव पोट धरून हसले आणि बायकोला म्हणाले, "नलू, आयकलं काय? हा मले बॅकअप इकून राह्यला! अबे, अख्ख्या सेलूले बॅकअप देनारा मानूस हाओ मी!"

"भाऊ, थो बॅकअप तुमच्या घरचा नाई. आमचा चौकातला डब्बा..."

"साधं लाव!"

"आवो, त्याचं पुरतं आयकून तं घ्या," नलूबाई म्हणाल्या. पण पुरतं ऐकून घ्यायची सवय रूपरावांना लग्नाआधीही नव्हती. साधं कनेक्शन लागलं. जुना नंबरही नव्या फोनवर वळवला. मोबाईल उरला तो फक्त दुसऱ्याला लावण्यापुरता.

काही दिवस रूपराव त्या फोनसमोर नव्या जावयासारखे बसून होते. मग एका संध्याकाळी वादळ सुटलं आणि गावची लाईन गेली. त्या दिवशी लॉनवर मोठं लग्न होतं. रूपरावांचे बाकीचे जनरेटर बाहेर गेले होते, पण सगळ्यात मोठा त्यांनी महादेवरावांसाठीच गाडीवर चढवून ठेवला होता. गोपाल ड्रायव्हर गाडीत तयार बसला होता. बोलावणं येण्याचाच अवकाश होता.

बोलावणं येईना. घरात इन्व्हर्टर होता, फोनला वीज होती, पण फोनच्या डब्यावर लाल दिवा लागला होता आणि रिसीव्हर कानाला लावला तर मसणवटीसारखी शांतता. रूपरावांनी मोबाईलवरून मुकेशला गाठलं.

"भाऊ, लाईट तुमच्या घरी हाये. ज्याच्यातून इंटरनेट येते त्या आमच्या चौकातल्या डब्ब्याले कुठी हाये?" मुकेश म्हणाला. "त्या दिशी तेच तं सांगून राह्यलो होतो."

रूपरावांनी मग महादेवरावांना मोबाईल लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

"आपल्यालेच लावून राह्यले असतीन ते," नलूबाई म्हणाल्या. "गाडीच घेऊन जा ना थेट लॉनवर."

"बिनबोलावता? गरजू समजून भाडं पाडतीन ना!"

त्यापेक्षा चौकातल्या डब्यालाच आपला जनरेटर जोडावा, असं रूपरावांना सुचलं आणि दुर्दैवाने ते त्यांना पसंतही पडलं. गोपालने गाडी चौकात नेली, मुकेशने वायर जोडली. अख्खा मांडव उजळून टाकणारं ते धूड जेवणाच्या डब्याएवढ्या एका डब्यासाठी धडधडू लागलं. इकडे घरी लाल दिव्याचा हिरवा झाला आणि फोन वाजला.

"रूपराव, लागला बा एकदाचा!" महादेवरावांचा आवाज असा स्वच्छ, जणू शेजारी बसून बोलताहेत. "नवरदेव अंधारात घोड्यावर बसून हाये. जनरेटर कुठी हाये तुया?"

"निघालाच भाऊ! एकच मिनिट धरा!" रूपरावांनी दुसऱ्या हातातला मोबाईल तोंडाशी नेला. "गोपाल, काढ तिथून अन् लॉनवर घे!"

गोपाल एरवी सांगितलेलं काम तिसऱ्या हाकेला करी. आज त्याने पहिल्याच हाकेला वायर उपटली. महादेवराव अर्ध्या वाक्यात बंद पडले.

रूपराव स्कूटर दामटत लॉनवर पोचले, तेव्हा तिथे लख्ख उजेड होता. डोमाजीचा जनरेटर घुमत होता आणि गोपाल आपली गाडी फाटकाबाहेर लावून खाली मान घालून उभा होता.

"मी बोलून राह्यलो अन् तू फोन ठेवतं?" महादेवराव गरजले. "नवरदेवाच्या बापासमोर?"

"ठेवला नाई भाऊ. गोपालनं जनरेटर काढला, म्हनून फोन..."

"मले द्याचा जनरेटर तू फोनले लावला?"

रूपराव फाटकाबाहेरच्या आपल्या गाडीकडे पाहू लागले.

"जाऊ दे. आजपासून हे काम डोमाजीचं," महादेवराव म्हणाले. "आलाच हायेस तं जेवून जा."

जेवून जा! पिढीजात वैऱ्यालाही कोणी असं म्हणू नये. पण नाही म्हटलं असतं तर महादेवरावांशी असलेले उरलेसुरले संबंधही गेले असते. रूपराव पंगतीत बसले. डोमाजीच्या उजेडात त्यांना पानातलं मीठसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मुकेशचा राग येत होता, गोपालचा येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येत होता. हा शेवटचा काही केल्या गिळला जात नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या पाटावर डोमाजीच येऊन टेकला. माणूस मनाने वाईट नव्हता, हे आणखीच वाईट.

"रूपरावभाऊ, आता काम वाढलं," तो अदबीने म्हणाला. "एका मोबाईलवर निभावनार नाई. तुमच्यासारखा इंटरनेट फोन घ्याव म्हनतो. कसा हाये?"

रूपरावांनी घास सावकाश चावला, मग ते पाणी प्यायले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं.

"एक नंबर," ते म्हणाले. "उद्याच घेजो, साधंवालं. मुकेशले मीच पाठवतो तुयाकडे."