दुध्याचा उपास

सकाळची भाकरी दुध्यानं नुसती हुंगली आणि तो पुन्हा उन्हात जाऊन पडला, तेव्हाच पारूबाईच्या मनात पाल चुकचुकली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या उतारावर असलेल्या त्या धनगरवाड्यात दुध्या सात वर्षं राहत होता. त्यानं आजवर दोनदा बिबट्याला कुडावरून माघारी धाडलं होतं, पण भाकरीला कधी माघारी धाडलं नव्हतं.

"अवं, दुध्याला बरं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

बिरू दोर वळत बसला होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "सणाचं लई खाल्लंय त्यानं. सुस्तावलाय."

चंपाषष्ठी होऊन चार दिवस झाले होते. खंडोबाचा दिवस आणि कुत्रं खंडोबाचं, म्हणून बिरूनं येळकोट करत दुध्यावर मुठी मुठी भंडारा उधळला होता. दुधासारखं पांढरं कुत्रं हळदीत बुडवून काढल्यासारखं झालं होतं. वाड्यावर एवढं पिवळं कुत्रं दुसऱ्या कुणाचंच नाही, याचा बिरूला अभिमान होता.

पारूबाईनं दुध्याचं तोंड उघडून ओठ वर केला. "हिरड्या बगा. पिवळ्याजर्द झाल्यात."

"भंडारा चाटला आसंल."

"आन् डोळं? डोळ्यांचं पांढरं पिवळं झालंय."

"उधळताना उडला आसंल डोळ्यात."

"आन् मुततोय त्यो? काढ्यावानी गडद!"

बिरूनं दोराला आणखी एक पीळ दिला. मग सबंध विषय निकालात काढावा तसा म्हणाला, "चाटल्याला भंडारा बाहेर पडायचाच की!"

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही हे पारूबाईला लग्नानंतर आठव्या दिवशीच कळलं होतं. तिनं दुध्याला ओढ्यावर नेलं आणि रिठ्याच्या पाण्यानं घासून घासून धुतलं. केस पुन्हा पांढरे झाले. पण कानाची आतली बाजू, पोटाची कातडी, हिरड्या आणि डोळे होते तसेच पिवळे राहिले. तिचा मामा काविळीनं गेला होता.

"आता बगा," ती घरी येऊन म्हणाली. "धुतलं तरी जाईना. कावीळ हाय ही."

बिरूनं दुध्याचा कान उलटा करून पाहिला, डोळे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "धुतलं तरी जाईना?" असं म्हणत तो उठला आणि थेट चिमाजीतात्यांकडे धावला.

चिमाजीतात्या वाड्यावरच्या खंडोबाचं सगळं बघायचे. तीस वर्षं त्यांनी देवाची मनोभावे सेवा केली होती, पण चमत्कार म्हणावा असं काहीही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी दुध्याचा कान तीनदा उलटासुलटा केला, हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अंगात मुरलाय रं भंडारा! देवानं हे कुत्रं आपलं म्हनलं!"

दुपारपर्यंत सगळा वाडा दारात जमला. शेजारच्या सारजाआत्यांनी तुपात भिजलेला मलिदा आणला. कुणी खोबरं आणलं, कुणी साय आणली. दुध्या स्वतःहून खात नव्हता, म्हणून लोक त्याचा जबडा धरून भक्तिभावानं घास आत ढकलत होते. संध्याकाळी तो सगळं ओकला.

"गावाचं पाप भाईर टाकतोय," तात्या म्हणाले. लोकांनी पुन्हा हात जोडले.

पारूबाईला रडू आलं. हे कुत्रं तिनं शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर वाढवलं होतं. ते आपल्या डोळ्यांदेखत तुपात बुडून मरणार असं तिला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याचा बाजार होता आणि बाजाराला ढोरांचे डॉक्टर येत असत. तिनं दुध्याला घोंगडीत गुंडाळलं, पाठीशी बांधलं आणि ती उतरू लागली. देवाच्या कुत्र्याचा मान राखायला म्हणून बिरूही मागून चालू लागला.

डॉक्टरांनी दुध्याचे डोळे पाहिले, बरगडीखाली बोटांनी दाबून पाहिलं. दुध्या कण्हला.

"जेवत नाही?"

"काल सकाळधरनं. पानी मातुर लई पितोय. हागतोय पांढुरकं, मूत गडद. आन् उलट्या," पारूबाई एका दमात म्हणाली.

"कावीळ आहे. यकृताला सूज आलीय. बाई, तुम्ही वेळेवर ओळखलंत."

"पर डॉक्टरसाहेब, भंडारा हाय त्यो," बिरू पुढे होऊन म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "भंडारा बुबुळाभोवती मुरत नाही, पाटील. एकवीस दिवस औषध, मऊ भात आणि लोणी काढलेलं ताक. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. तुपाचा थेंब जरी पोटात गेला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

परतीच्या वाटेवर बिरूला एकच घोर लागला होता. देवाच्या कुत्र्याला कावीळ झालीय, असं वाड्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? दारात सारजाआत्या तुपाच्या शिऱ्याचं ताट घेऊन उभ्याच होत्या. शेजारी तात्या होते. बिरू बायकोच्या मागं सरकला.

"आत्या, थांबा," पारूबाई म्हणाली. "दुध्यानं उपास धरलाय."

"आं?"

"एकवीस दिसांचा. निस्ता भात आन् ताक. दुसरं कुनी काय भरवलं तर त्याचा उपास मोडंल. आन् ज्यानं मोडला त्याचं काय व्हईल, ते तात्यांस्नीच इचारा."

सारजाआत्यांनी ताट पदराआड घेतलं. जमलेले लोक दोन पावलं मागं सरकले. पारूबाईनं सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात तात्या विचार करून म्हणाले, "कुत्रं उपाशी आन् धनी मटान खानार? हे काय बरुबर न्हाई."

"म्हंजी?" बिरूनं घाबरून विचारलं.

"म्हंजी एकवीस दिस तू बी भात आन् ताक."

बिरूनं आशेनं बायकोकडे पाहिलं. पारूबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "तात्या म्हनत्यात ते खरंच हाय."

त्याच रात्रीपासून एका पंगतीत दोन ताटं मांडली जाऊ लागली. बिरू चोरून काही खाईल म्हणून सगळ्या वाड्याचा त्याच्यावर डोळा होता. तात्या रोज सकाळी भंडारा घेऊन यायचे. "उपासाच्या जनावराला हात लावायचा न्हाई," असं पारूबाईनं बजावल्यामुळे दुध्याच्या वाटणीचाही भंडारा बिरूवरच पडायचा.

बाराव्या दिवशी दुध्यानं आपला भात चाटून पुसून खाल्ला, शेपूट हलवली आणि बिरूच्या ताटात तोंड घातलं. पारूबाईनं पदर डोळ्यांना लावला. एवढा आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. बिरूच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं निम्मं कारण रोजचा भात होता.

बाविसाव्या दिवशी दोघं दुध्याला घेऊन बाजाराला निघाले. निघताना तात्यांनी उपास सुटल्याच्या आनंदात दोन्ही ओंजळी भरून भंडारा बिरूच्या तोंडावर उधळला. बिरूनं तो घाईघाईनं पुसला. संध्याकाळी बोकडाचं मटण करायचं ठरलं होतं आणि त्याचं चित्त तिकडंच लागलं होतं.

डॉक्टरांनी दुध्याचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी झाल्या होत्या, डोळे लख्ख होते. "छान! हा ठणठणीत झाला," असं म्हणत त्यांनी मान वर केली आणि ते दचकले. समोर गालफडं बसलेला, खांदे पडलेला बिरू उभा होता. डॉक्टर जवळ आले आणि त्यांनी त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. पापणीच्या कडा पिवळ्याधमक होत्या.

"यांना कधीपासून आहे हे?"

"भंडारा हाय त्यो!" बिरू ओरडला. "देवाशपथ सांगतो डॉक्टरसाहेब, भंडारा हाय!"

"मागच्या खेपेलाही तुम्ही हेच म्हणाला होता," डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि पारूबाईकडे वळले. "मी ढोरांचा डॉक्टर. यांना माणसांच्या दवाखान्यात दाखवा. पण तोवर मटण-तूप एकदम बंद. मऊ भात आणि ताक."

बिरूनं काकुळतीला येऊन बायकोकडे पाहिलं. पदराचं टोक ओलं करून एकदा पुसलं असतं, तर तिथंच सगळा उलगडा झाला असता. पारूबाईनं दुध्याची दोरी हातात नीट धरली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, ताक म्हशीचं चालंल का शेळीचंच देऊ?"