तानुबाईसाहेबांनी बँडवाल्यांची एकी मोडली ती हकीकत

श्रीखंडोबा समर्थ. उंब्रज प्रांती तीन बँडवाल्यांची एकी कैसी जाहली आणि कैसी मोडली, ते यथास्थित लिहिले असे. वाचणारांनी हसू आल्यास हसावे, परंतु प्रकरण थट्टेचे न समजावे.

उंब्रजी तानुबाईसाहेब म्हणोन खमक्या बाई. यजमान फौजेत बिगुलवाले. ते कैलासवासी होते समयी बाईंनी जबान दिली की, कन्या अपेक्षाबाईंच्या लग्नी पितळ वाजेल. आता लग्न तोंडावर आले आणि बाई बँड ठरवावयास निघाल्या. प्रथम उंब्रजकर लालासाहेबांचे दारी गेल्या, मग पलूसकर वीरधवलरावांकडे, मग खंडाळेकर बाळासोंकडे. तो तिन्ही ठिकाणी भाव एकच, आणि तोही ऐसा की बाई मटकन खाली बसल्या. घासाघीस करू जाता जबाबही एकच, "मावशी, परवडत न्हाई." मग चौकशी करिता कळले की, तिघांनी पालीस खंडोबापुढे जाऊन, भंडारा उचलोन, एकमेकांहून कमी भाव न सांगण्याची शपथ वाहिली आहे.

बाईंनी तडक दिल्ली दरबारी अर्ज गुदरला. त्या दरबाराचे काम ऐसे की, व्यापाऱ्यांनी संगनमत करोन गिऱ्हाईक नाडू नये, आणि दुकानांत दुकाने मिळवोन बाजार गिळू नये. तेथोन क्रांती मॅडम नामे अंमलदार मोटारीतोन दाखल जाहल्या, विश्रामगृही मुक्काम केला आणि कौल दिला की, जो प्रथम येऊन संगनमत साद्यंत कबूल करील त्यास दंड माफ. परंतु कुणी फिरकेना. भंडारा उचललेला, तोंड उघडणार कोण? मॅडम हवालदिल जाहल्या. अपेक्षाबाई तो मोबाइलवर गाणी लावू म्हणू लागल्या, आणि तानुबाईंच्या काळजास घरे पडली.

तेव्हा बाईंनी मसलत केली. या मुलखी माणूस दंडास भीत नाही, परंतु पहिला मान दुसऱ्यास गेला तर त्यास अन्न गोड लागत नाही, हे त्या जाणोन होत्या. भर बाजारात मेथी निवडता निवडता शेजारणीस म्हणाल्या, "आवं, दिल्लीच्या मॅडम कबुलीचा पहिला मान देनार हायत म्हनं. पलूसकरांचंच नाव चाललंय."

इतुके पुरे जाहले. लालासाहेब भरल्या ताटावरोन उठले, "देवा, मान चाललाय, समजून घे," ऐसी खंडोबाची विनवणी केली आणि ताफा सज्ज केला, कारण मान घ्यावयास वाजतगाजतच जावे लागते. तिकडोन वीरधवलराव टेम्पो भरोन निघाले, बाळासो महामार्गाने सुटले, आणि तिन्ही फौजांची गाठ विश्रामगृहाच्या दारी पडली. मग एकच गर्दी जाहली. फेटे सुटले, ढोल फुटले, लालासाहेबांचा थोरला भोंगा चौकटीत अडकला, आणि त्याखालोन बाळासो रांगत आत शिरोन म्हणाले, "मॅडम, आमी लय लुटलंय. आदी आमचं लिवा." मागोन लालासाहेब ओरडले, "त्यानं काय लुटलंय? आमी त्याच्या दुप्पट लुटलंय." मॅडमनी शांतपणे सर्वांची जबानी घेतली. बाळासोंस माफी, उरल्या दोघांस दंड, आणि भाव ज्याचा त्याने ठरवावा, ऐसा निवाडा जाहला.

बाळासोंनी लग्न वाजवी भावात घेतले. परंतु हुकलेल्या मानाने उरल्या दोघांस झोप येईना, म्हणोन तेही लग्नाचे दिवशी न बोलावता, फुकट, ताफ्यांसह हजर जाहले. पाठवणीचे समयी मांडवात तीन बँड तीन गाणी वाजवू लागले, आणि नवरदेवाचे घोड्याने पलूसची वाट धरली. तेव्हा तानुबाईंनी हात वर करोन यजमानांची आवडती धून मागितली. तिन्ही बँड एक जाहले.

लग्नास आवतण दिलेल्या क्रांती मॅडम जिलेबी हाती धरोन उठल्या. "तिघे एक झाले? विलीनीकरणाला आधी परवानगी लागते."

बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मॅडम, पोरगी गाडीत बसस्तवर ऱ्हाऊ द्या की."

मॅडमनी क्षणभर धून ऐकली आणि पोरगी गाडीत बसेतो परवानगी बहाल केली. मग तानुबाई अपेक्षाबाईंचा हात धरोन आस्ते आस्ते चालल्या, आणि गाडीपाशी पोहोचल्यावर आणखी एक फेरी मांडवाभोवती घेतली. जबान पुरी जाहली. फत्ते जाहली ती लिहिली असे.