एक ओळ आणि एक दाढ

"एकच ओळ बदलायची, बस! चहा यायच्या आत नवा कंपायलर बसवून दाखवतो!"

काल जेवताना झटपटरावाने ही फुशारकी मारली. ऑफिसातल्या या प्रोग्रामरचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. वेबसाइटचं रंगरूप ब्राउझरला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा जुना कंपायलर पार गोगलगाय झाला होता, नवा भलताच चपळ होता. आज चार वाजता दातांचे डॉक्टर आपली साइट बघायला येणार होते. तोवर सगळं चोख करतो, असा शब्दही तो साहेबांना देऊन बसला होता.

सकाळी त्याने ओळ बदलली. चारशे बारा चाचण्या लाल, म्हणजे नापास!

या आपोआप चालणाऱ्या चाचण्या ताईंच्या. ताई म्हणजे वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई. त्यांची प्रत्येक चाचणी कंपायलरचं उत्तर जपून ठेवलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून बघायची. जुना कंपायलर नुसतं 'पॉइंट पाच' लिहायचा, नवा 'शून्य पॉइंट पाच'. एका शून्यावरून एवढा गहजब!

झटपटरावाने शक्कल लढवली. नव्याचीच उत्तरं जुन्या उत्तरांच्या जागी टाकली. पेपर आपणच लिहायचा आणि तपासायचाही आपणच! सगळं हिरवंगार झालं.

साडेतीनला त्याने साइट उघडली. पडद्याभर एकच दाढ! डॉक्टरांचं नाव, वेळ घ्यायचं बटण, सगळं त्या दाढेखाली गडप.

"ताई, मेलो!"

"आधी काय केलंस ते सांग, मग मर."

त्याने सांगितलं. ताईंनी कुठूनशी जुन्या उत्तरांची प्रत काढली, फालतू शून्यं आणि मोकळ्या जागा सोडून द्यायला चाचण्यांना शिकवलं आणि पुन्हा चालवल्या. चारशे अकरा हिरव्या. एक लाल.

"हे बघ. दाढेच्या फोटोची रुंदी 'शंभर भागिले चार' लिहिली आहे. जुना भागाकार करायचा, नवा तसंच पुढे ढकलतो. ब्राउझर बिचारा काय करणार?"

झटपटरावाने तिथे सरळ 'पंचवीस' लिहिलं आणि चाराला पाच कमी असताना दाढ निमूट कोपऱ्यात जाऊन बसली. काय बाई आहे! झटपटरावाने मनोमन हात जोडले.

"पण ताई, जुनी उत्तरं तर मी पुसली होती. तुमच्याकडे प्रत कशी?"

"काल तू 'एकच ओळ' म्हणालास ना? जेवण अर्धं टाकून उठले आणि आधी ती काढून ठेवली."