आणणाऱ्यानं सांगायची तक्रार

नानांना खुर्ची दिली, की ते ती उलटी करतात. चारी पाय हलवून बघतात, एखादा स्क्रू पिळतात, खुर्ची सुलटी ठेवतात आणि उभेच राहतात. "झाली. आता शंभर वर्सं बगाया नको," म्हणत आमच्या स्वयंपाकघराकडे वळतात. अकरा वर्षं आम्ही भिंगारमध्ये भिंतीला भिंत लावून राहतो, पण या माणसाला टेकलेलं मी पाहिलेलं नाही.

नाना लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते रिटायर झाले, खिशातला पाना झाला नाही. गल्लीतली प्रत्येक शेगडी, मोटर, दाराची कडी त्यांच्या हाताखालून गेलेली. आमच्या बेसिनचा नळ तर दर आठवड्याला. नाना तो दुरुस्त करतात, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा टपकतो. मी वैतागतो, बायको चहा टाकते.

दोन वर्षांपूर्वी नानांची बायको, आमच्या काकू, गेल्या आणि नानांचा वेग वाढला. यंदा तर अंगावरचं मांस उतरलं. पट्ट्याला त्यांनी स्वतःच पंच मारून तीन नवी भोकं पाडली आणि मला कौतुकाने दाखवली. पुण्याहून लेक आली, ती भोकं बघून रडली आणि वडिलांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे. गोळ्या देतो, पण समुपदेशक मॅडमकडे जाऊन मन मोकळं करायला हवं.

"बोलून कुटं गाडी चालू हुती का?" नाना म्हणाले. पण लेकीचा शब्द त्यांना मोडवेना. ती परत गेली आणि दर मंगळवारी नानांना न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "नाना, काय होतंय?"

नाना खिडकीची कडी तपासत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तर सांगतील."

"तुम्ही सांगा ना."

"गाडी कदी बोलती का, बाई? आमच्या वर्कशॉपात गाडी जो आनायचा, तक्रार त्यानंच सांगायची. मला मास्तरांनी आनलंय."

झालं! तीन मंगळवार मी तक्रारी सांगितल्या: जेवत नाहीत, झोपत नाहीत. नाना मधूनच "बरोबर" म्हणायचे आणि फिरत राहायचे. तिसऱ्या वेळी मॅडमनी मला बाहेर गाठलं. "मास्तर, ते स्वतः बोलले नाहीत तर मी काहीच करू शकणार नाही."

चौथ्या मंगळवारी माझा संयम सुटला. "मॅडम, यांचं राहू द्या. यांनी पन्नास वेळा दुरुस्त केलेला माझा नळ अजून गळतो, ही तक्रार लिहून घ्या!"

"नळाला काय धाड भरली न्हाई," नाना म्हणाले. "वायसर मीच ढिला ठेवतो."

मी खुर्चीतच त्यांच्याकडे वळलो.

"पक्का केला तर तुमी पुन्यांदा बोलवाल का? तुमच्याकडं आलं की तास जातो. घरात बसवत न्हाई."

"का बसवत नाही?" मॅडमनी हळूच विचारलं.

नानांच्या फेऱ्या थांबल्या. "आमची ही रोज म्हनायची, अवो, बसा की जरा माज्याजवळ. मी म्हनायचो, आलोच. त्या दिवशीबी म्हनली. मी आलोच म्हनून गेलो. परत आलो तर..." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मास्तरांचा कूलर बगाया गेल्तो."

बोलावणं मीच धाडलं होतं. कूलर जरासा आवाज करत होता, एवढंच. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काकूंनी त्या दिवशी बसायला सांगितलं होतं, हे दोन वर्षांत या माणसाने कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि मी नळाचा हिशेब मांडत बसलो होतो.

"नाना, मी..."

त्यांनी समोरची खुर्ची ओढली. तिच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमी जावा घरी, मास्तर," ते म्हणाले. "मी बसतो जरा."